इंदूरच्या गच्चीवरून ध्रुवीय प्रकाशाचा माग: सौरवारा वाचावा कसा

माझी भाची शिकण्यासाठी नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरी गेली, तेव्हापासून थंडीच्या दिवसांत तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मामा, आज दिसेल का रे?" मी राहतो इंदूरच्या रामबागेत आणि ज्या हिरव्या ध्रुवीय प्रकाशाविषयी (अरोराविषयी) ती विचारते तो माझ्या गच्चीवरून दिसत नाही, तरीसुद्धा "तासाभराने कोट घालून बाहेर पड" असे तिला इथून सांगता येते आणि ते बहुतेक वेळा खरे ठरते. याचे कारण असे की तो प्रकाश आकाशात उमटण्याआधी त्याची वर्दी सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यात मिळते आणि तो वारा मोजणारी याने पृथ्वीच्या पुढे 15 लाख किलोमीटरवर पहाऱ्याला उभी आहेत. त्यांची मोजमापे कोणालाही मोबाइलवर पाहता येतात. ती कशी वाचावीत, एवढेच या लेखात सांगायचे आहे. ज्यांची मुले, भाचरे, नातवंडे आज नॉर्वे, फिनलंड, आइसलंड किंवा कॅनडात आहेत, किंवा जे स्वतः तिकडे सहलीला निघाले आहेत, त्यांना ही पद्धत लगेच उपयोगी पडेल.

प्रथम वाऱ्याची ओळख करून घ्यावी. सूर्याचे बाह्य प्रभामंडल दहा लाख अंशांच्या घरात तापलेले असते आणि इतका तप्त वायू सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला पूर्णपणे दाद देत नाही. तो सतत बाहेर वाहत राहतो. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात, थोडी हेलियमची केंद्रकेही असतात. असा प्रवाह असला पाहिजे हे यूजीन पार्कर यांनी 1958 साली गणिताने मांडले, तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते. 1962 साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर 2 या यानाने वाटेतच तो वारा महिनोन्‌महिने मोजला आणि वाद मिटला. पृथ्वीजवळ या वाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला 300 ते 800 किलोमीटर असतो, मात्र तो इतका विरळ असतो की एका घन सेंटिमीटरमध्ये पाच-दहा प्रोटॉन सापडले तरी पुष्कळ. सेकंदाला 400 किलोमीटर हा नेहमीचा वेग धरला तर सूर्य ते पृथ्वी हे 15 कोटी किलोमीटरचे अंतर तोडायला त्याला चार दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो शालेय पुस्तकांतूनही भेटतो. सूर्याकडून आलेले कण ध्रुवांवर थेट कोसळतात आणि त्यांचा प्रकाश होतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणावर, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचावर, आदळून बहुतांशी बाजूने वाहून जातो. सूर्याकडच्या बाजूला ही अडवणूक पृथ्वीपासून सुमारे 60 हजार किलोमीटरवर होते आणि रात्रीच्या बाजूला चुंबकावरण लांब शेपटीसारखे ताणले जाते. वारा आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्र ओढून आणतो, आणि सगळा खेळ त्या क्षेत्राच्या दिशेवर ठरतो. पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा विषुववृत्तावर उत्तरेकडे असते. वाऱ्यातले क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर दोन्ही एकमेकांना फारसे शिरू देत नाहीत. ते दक्षिणेकडे असेल तर दोहोंच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि वाऱ्याची ऊर्जा आत येऊ लागते. हा विचार जेम्स डंगी यांनी 1961 साली मांडला आणि आजही अंदाज बांधणारे त्यावरच विसंबतात. वाऱ्याचा वेग हा दारावर बसणारा धक्का आहे असे समजावे आणि क्षेत्राची दिशा ही दाराची कडी. कडी लागलेली असेल तर धक्के कितीही बसोत, दार उघडत नाही.

म्हणून आलेख उघडल्यावर सर्वांत आधी पाहायचा तो उत्तर-दक्षिण घटक. तिथे त्याचे नाव 'बीझेड' असे असते आणि तो नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककात मोजतात. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अवकाश-हवामान केंद्राच्या पानावर तो तांबड्या रेघेने दाखवतात. रेघ शून्याच्या वर असेल तर क्षेत्र उत्तरेकडे, खाली असेल तर दक्षिणेकडे. क्षणभर खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या रेघेकडे लक्ष देऊ नये. ती उणे 5 च्या आसपास सलग अर्धा-पाऊण तास टिकली की ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी बाहेर पडण्याची वेळ झाली असे धरावे. उणे 10 च्या खाली दोन-तीन तास राहिली तर ध्रुवाभोवतीचे ध्रुवीय प्रकाशाचे कडे दक्षिणेकडे सरकू लागते आणि जिथे तो रोज दिसत नाही अशा गावांतल्या लोकांनीही आकाशाकडे पाहावे. बीझेडच्या जोडीला क्षेत्राची एकूण तीव्रता दाखवणारी रेघ असते. तिचा आकडा मोठा असेल, समजा 20, तर सध्या बीझेड उत्तरेकडे असला तरी फोन खाली ठेवू नये, कारण दिशा पालटायला पाच मिनिटेही पुरतात. त्याखालच्या आलेखांत कणांची घनता आणि वेग असतो. घनता एकदम उसळली आणि पाठोपाठ वेग चढला, तर नवा प्रवाह येऊन पोहोचला असे समजावे.

हाती किती वेळ आहे, हे काढायला तोंडी हिशेब पुरतो. याने 15 लाख किलोमीटरवर आहेत. त्यास वेगाने भागले की सेकंद आणि सेकंदांना साठाने भागले की मिनिटे. म्हणजेच सरळ 25,000 ला वेगाने भागावे. वेग 400 असेल तर बासष्ट मिनिटे, 500 असेल तर पन्नास, 800 असेल तर जेमतेम एकतीस. भाचीला मी हाच आकडा कळवतो, कारण वसतिगृहाच्या दिव्यांपासून दूर, बर्फातून चालत अंधाऱ्या जागी पोहोचायला तिला पंचवीस मिनिटे लागतात. त्याच जागेभोवती, म्हणजे जिथे यान सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये टिकून राहू शकते त्या पहिल्या लाग्रांज बिंदूभोवती, आपले आदित्य-एल1 हे यानही 6 जानेवारी 2024 पासून फिरत आहे. त्यावरील सात उपकरणांपैकी दोन वाऱ्यातले कण मोजतात आणि त्यांतले एक अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले आहे. आणखी एक चुंबकीय क्षेत्र मोजते. इंदूरहून अहमदाबाद रात्रभराच्या बसच्या अंतरावर आहे, आणि तिथे बनलेले यंत्र आज त्या वाऱ्यात उभे आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

सहलीला जाणारे लोक बहुधा केपी हा एकच आकडा पाहतात. तो शून्य ते नऊ असा असतो, जगातील तेरा वेधशाळांच्या नोंदींवरून काढतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तीन-तीन तासांत किती खळबळ झाली ते सांगतो. म्हणूनच तो घडून गेलेल्या गोष्टीचा हिशेब आहे. आत्ता बाहेर पडावे की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. शिवाय ट्रॉम्सो प्रकाशाच्या कड्याखालीच वसलेले असल्यामुळे तिथे केपी एक किंवा दोन असतानाही सुंदर प्रकाश दिसू शकतो. "आज केपी दोनच आहे" म्हणून हॉटेलच्या खोलीत बसून राहिलेल्या आणि तशाच परतलेल्या कुटुंबांविषयी ऐकले की मनापासून वाईट वाटते.

बीझेड दक्षिणेकडे गेला की लगेच आकाश पेटेल अशी अपेक्षाही ठेवू नये. आत आलेली ऊर्जा आधी रात्रीच्या बाजूच्या शेपटीत साठते, बलरेषा ताणल्या जातात आणि अर्ध्या-एक तासाने धरणाचा बांध फुटावा तशी ती मोकळी होते. शेपटीतल्या रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि तिथले इलेक्ट्रॉन वेगाने पृथ्वीकडे लोटले जातात. खालच्या टप्प्यात, काही हजार किलोमीटर उंचीवर, त्यांना आणखी वेग मिळतो आणि मगच ते वातावरणात शिरतात. पाहणाऱ्याला याचे दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात क्षितिजालगत पूर्व-पश्चिम पसरलेली एक निश्चल, फिकट कमान असते. साध्या डोळ्यांना ती करड्या ढगासारखीच वाटते, मात्र मोबाइलने पाच सेकंदांचे छायाचित्र घेतले की ती हिरवी आहे हे कळते. "एवढेच का?" म्हणून पुष्कळ जण इथेच माघारी फिरतात. अशा वेळी थांबावे, तासभर थांबावे, हातमोज्यांच्या आणखी एका जोडीची सोय करून थांबावे. कमानीचा खालचा काठ एकदम उजळला आणि तिला चुण्या पडू लागल्या की दुसरा टप्पा सुरू झाला. मग वाऱ्यावर झुलणाऱ्या पडद्यासारखा प्रकाश दहा-पंधरा मिनिटांत अख्खे आकाश व्यापतो.

रंगांवरून उंची वाचता येते. हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा, 557.7 नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि तो मुख्यतः 100 ते 150 किलोमीटर उंचीवर उमटतो. तांबडा रंगही ऑक्सिजनचाच, 630 नॅनोमीटरचा, मात्र तो 200 किलोमीटरच्या वर दिसतो. एकाच अणूचे हे दोन रंग उंचीप्रमाणे वेगळे का होतात, याचे कारण मोठे सुंदर आहे. धक्का बसलेला अणू हिरवा प्रकाश पाऊण सेकंदात टाकून मोकळा होतो, तांबडा टाकायला मात्र त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. खालच्या दाट हवेत एवढ्या अवधीत दुसरा अणू येऊन आपटतो आणि त्याची ऊर्जा काढून घेतो. वरच्या विरळ हवेत त्याला कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे तांबडा रंग पुरा होतो. पडद्याच्या तळाशी दिसणारी गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची असते आणि ती दिसली तर इलेक्ट्रॉन बरेच जोरात येऊन खोलवर शिरले आहेत असे समजावे.

या साऱ्या गोष्टी मला एका रात्री एकत्र पाहायला मिळाल्या. 10 मे 2024, अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. उकाड्यामुळे आम्ही गच्चीवर अंथरुणे घातली होती आणि सूर्यावरच्या एका मोठ्या डागसमूहातून लागोपाठ उसळ्या निघाल्याचे दोन दिवस वाचत असल्यामुळे मी मोबाइल उशाशी ठेवला होता. रात्री दहा वाजून गेल्यावर आलेखातली वेगाची रेघ, जी साडेचारशेच्या आसपास सरळ चालली होती, ती पायरी चढावी तशी एकदम सहाशेच्या वर गेली, घनताही उसळली. अर्ध्या तासाच्या आत, साडेदहाच्या सुमारास, तो धक्का पृथ्वीवर पोहोचला. पुढे बीझेड उणे 40 च्याही खाली उतरला, केपी नऊवर गेला आणि 2003 नंतर प्रथमच सर्वांत वरच्या श्रेणीचे चुंबकीय वादळ जाहीर झाले. मी ट्रॉम्सोला फोन लावला. भाची म्हणाली, "मामा, इथे रात्रच होत नाही आता." ते खरेच होते. ट्रॉम्सोला 20 मेच्या सुमारास मध्यरात्रीचा सूर्य सुरू होतो आणि त्याआधी कित्येक दिवस आकाश उजळलेलेच असते. वीस वर्षांतले सर्वांत मोठे वादळ डोक्यावर असताना तिला काही दिसले नाही, आणि त्याच रात्री लडाखमध्ये हान्ले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरचा तांबडा प्रकाश टिपला. त्या दिवसापासून मी आलेख उघडण्याआधी तिथला सूर्यास्त, ढग आणि चंद्र पाहतो; सप्टेंबर ते मार्च या काळाबाहेर तिकडचा प्रवास ठरवू नये, असे ठामपणे सांगतो.

हान्लेला दिसला, मग इंदूरला का नाही, असा प्रश्न शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी विचारला. याचे उत्तर चुंबकीय अक्षांशात, म्हणजे भूचुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने मोजलेल्या अक्षांशात, आहे. पृथ्वीचा भूचुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तर टोकाकडे झुकलेला आहे, त्यामुळे अमेरिकेतली गावे त्याच्या जवळ पडतात आणि भारत लांब पडतो. हान्ले आणि टेक्सासमधील डॅलस ही दोन्ही ठिकाणे साधारण 32.8 उत्तर अक्षांशावर आहेत, पण डॅलसचा चुंबकीय अक्षांश सुमारे 41 अंश भरतो आणि हान्लेचा 24 च्या आसपास. इंदूरचा भौगोलिक अक्षांश 22.7, चुंबकीय अवघा 14-15. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब केला तर 500 किलोमीटर उंचीवरचा प्रकाश क्षितिजाला टेकलेला दिसण्यासाठी तो आपल्यापासून 22 अंशांपेक्षा दूर असून चालत नाही. म्हणजे इंदूरहून पुसटसा तांबडा दिसण्यासाठीसुद्धा प्रकाशाचे कडे चुंबकीय 37 अंशांपर्यंत खाली यावे लागेल. हान्लेला केवळ तांबडाच का दिसला, हेही यावरून समजते: खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या पाठीआड राहिला. असे महावादळ अशक्य मात्र नाही. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात ध्रुवीय प्रकाश थेट मुंबईत दिसल्याची नोंद आहे.

प्रकाश दिसला नाही तरी वादळाचा स्पर्श इंदूरच्या घरात जाणवू शकतो, आणि तो पाहण्याचे साधन घरच्या वस्तूंतून होते. लोणच्याची रिकामी, उंच काचेची बरणी घ्यावी. रेशमाचा एकेरी, बारीक तंतू तिच्या झाकणातून खाली सोडावा आणि आधी दिवसभर त्याला पितळेचे लहान वजन टांगून ठेवावे, म्हणजे त्यातला पीळ निघून जाईल. मग बोटाच्या पेराएवढे पट्टीचुंबक त्याला आडवे, समतोल टांगून त्यावर नखाएवढा पातळ आरसा चिकटवावा. बरणी देवघरातल्या जाड तांब्याच्या ताम्हनात ठेवावी, आणि चुंबक तळापासून अगदी थोडे वर राहील असे पाहावे. चुंबक हलले की तांब्यात प्रवाह निर्माण होऊन त्याचे झोके लवकर शांत होतात. आरशावर लेझर पॉइंटरचा किरण पाडून त्याचा ठिपका पाच मीटरवरच्या भिंतीवर, आलेख-कागदावर घ्यावा. किरण कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही याची काळजी घ्यावी आणि नोंद झाली की तो लगेच बंद करावा. चुंबक एका कलेने फिरले, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, तर ठिपका जवळजवळ तीन मिलिमीटर सरकतो. सकाळी सात, दहा, दुपारी एक आणि चार अशा नोंदी आठवडाभर घेतल्या की ठिपक्याचे रोजचे संथ जाणे-येणे दिसू लागते. उज्जैनच्या वेधशाळेत यंत्रावरची सावली सरकताना पाहायला जो धीर लागतो, तोच इथेही लागतो. वादळाच्या दिवशी ही शिस्त मोडते आणि ठिपका अस्वस्थ होतो. आपल्या अक्षांशावर वादळाचा मुख्य परिणाम क्षेत्राची तीव्रता घटण्यात असतो आणि दिशा थोडीच बदलते, म्हणून मोठी हालचाल अपेक्षू नये.

जागा निवडताना मात्र फार सावध राहावे. माझी पहिली बरणी जिन्याखाली होती आणि एका संध्याकाळी ठिपका चार सेंटिमीटर सरकलेला पाहून मी वादळाची नोंद केली. नंतर लक्षात आले की भिंतीपलीकडे कोणीतरी स्कूटर लावली होती. लोखंडी कपाट, फाटक, लिफ्ट, पाण्याचा पंप या सर्वांपासून बरणी शक्य तितकी दूर असावी. मोठ्या वेधशाळांनाही हा त्रास चुकला नाही. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला हलवावी लागली. त्याच कुलाब्याच्या वेधशाळेने 2 सप्टेंबर 1859 रोजी, आदल्या दिवशी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावर पाहिलेल्या भडक्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास आलेल्या वादळात, क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याचे टिपून ठेवले, आणि त्या महावादळाचा जोर ठरवताना जगभरचे अभ्यासक आजही ही मुंबईची नोंद समोर ठेवतात.

नोंदवहीची एक खूण सांगितलीच पाहिजे. पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे 27 दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो, म्हणून वहीत एका ओळीत सात दिवसांऐवजी सत्तावीस दिवस आखावेत. सूर्याच्या अतिनील छायाचित्रांत प्रभामंडलातली काळी विवरे दिसतात. त्यांतून जलद वारा सुटतो आणि विवर सूर्याच्या मध्यरेषेवरून गेल्यानंतर दोन ते चार दिवसांनी तो आपल्याकडे पोहोचतो. विवर पुढच्या फेरीतही टिकले तर वहीत त्याच उभ्या रकान्यात पुन्हा खूण पडते. सौरडागांचे चक्र उतरणीला लागल्यावर अशी दीर्घायुषी विवरे अधिक आढळतात, तेव्हा 2024 चा परमोच्च काळ हुकला म्हणून हळहळू नये. मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल असा असतो की वाऱ्यातले क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून एकदाच जायचे असेल तर मी मार्चचा पहिला पंधरवडा सुचवतो, कारण तेव्हा थंडीही किंचित कमी झालेली असते.

वेळेचा फरक शेवटी जुळवून घ्यावा. हिवाळ्यात नॉर्वेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि तिथला प्रकाश बहुधा रात्री नऊ ते एकच्या दरम्यान जोरात असतो, म्हणजे इंदूरला दीड ते साडेपाच. मी गजर दीडचा लावतो, बीझेड पाहतो, 25,000 ला वेगाने भागतो आणि निघालेली मिनिटे तेवढी भाचीला पाठवतो. तिचे उत्तर बहुधा पहाटे, पोहे भिजत घालायच्या वेळेला येते, आणि त्यात एक हिरवे छायाचित्र असते.